डिपस्टिकला तेल होतं, हेडला नव्हतं : ऑइल पंप बदलण्याचे २६ दिवस

गाडी बाबांची. एक सिलिंडरची, हवेवर थंड होणारी साधी फोर-स्ट्रोक, १४ वर्षं जुनी, आणि आता ती बाबांपेक्षा मीच जास्त चालवते. गेल्या महिन्यात तिचा ऑइल पंप (इंजिनाच्या तळाचं तेल वर सगळीकडे पोचवणारा) गेला. म्हणजे गेला हे कळायलाच मला जवळपास दोन आठवडे लागले, आणि त्या दोन आठवड्यांत जे नुकसान झालं ते पंपापेक्षा कितीतरी महाग पडलं. सगळं काम घरीच केलं, मी स्वतः आधी कधी क्लच कव्हरसुद्धा उघडलं नव्हतं. करताना फार एकटं वाटलं, म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवतेय, कुणाच्या गाडीला असंच होत असेल तर निदान कुठून सुरुवात करायची ते तरी कळेल.

सुरुवात झाली आवाजापासून. एका गुरुवारी संध्याकाळी परत येताना हेडमधून (सिलिंडरच्या डोक्यावरचा भाग, ज्यात व्हॉल्व्ह असतात) टिकटिक यायला लागली, शिवणाच्या मशीनसारखी, रेस दिली की वाढायची. बाबा म्हणाले, "अगं जुनी गाडी आहे, टॅपेट सैल झाले असतील." मलाही तेच वाटलं. टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरच्या टोकाचा स्क्रू, त्याची गॅप ठरावीक ठेवावी लागते. शनिवारी सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना टॅपेटच्या दोन्ही टोप्या उघडल्या, मॅग्नेटवरची (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चाकावरची) टी ची खूण जुळवली, फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) ०.०८ मिमी गॅप लावली (माझ्या मॅन्युअलप्रमाणे, तुमच्या गाडीची वेगळी असू शकते) आणि बंद केलं. आवाज कमी झाला, दोन दिवस बरं वाटलं.

पण त्या शनिवारी एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मला ती वाचता आली नाही. टोपी उघडली की आत रॉकर, स्प्रिंग सगळं तेलाने ओलं असायला हवं, टोपीच्या आतल्या बाजूला तेलाचे थेंब लटकत असायला हवेत. माझ्या गाडीत आत तपकिरी, चहाच्या डागासारखा कोरडा थर होता. मी बोट फिरवलं तर बोटाला नुसता चिकटसर काळपटपणा लागला, तेल नाही. मी म्हटलं, रात्रभर उभी होती, तेल खाली उतरलं असेल. रात्रभरात सगळं तेल उतरत नाही, पातळ थर राहतोच. तेव्हा टॅपेट कुठल्याही कारणाने उघडलेत तर आधी गॅप नाही, ओल बघा.

आवाज परत आला तरी मी पुढचा आठवडाभर गाडी तशीच चालवली, याची हळहळ अजून आहे. त्यानंतरच्या सोमवारी चढावर गाडी ओढेना. ॲक्सिलरेटर पिळला तरी वेग येत नव्हता, जळकट वास यायला लागला, हेडकडून टिकटिकच्या जागी आता खडखड. मी क्लच दाबला, किल स्विच बंद केला आणि गाडी बाजूला घेतली. हे एक काम मात्र वेळेवर झालं. इंजिन बंद केल्यावर अंगात थरथर होती, कारण पहिला विचार हाच की जाम झालं. एक तासभर तसंच थंड होऊ दिलं, मग हातानेच किक हळू दाबून बघितली. फिरली. जड नाही, कुठे अडकत नाही. परत चालू करायचा मोह खूप झाला, घर फक्त २ किलोमीटर होतं, पण नाही केली, ढकलत आणली. असा प्रसंग आला तर ढकलाच, कारण तेलाशिवाय कॅम (रॉकर हलवणारा हेडमधला दांडा) आणि पिस्टनला खराब व्हायला काही मिनिटं पुरतात.

मंगळवारी संध्याकाळी तपासणी. पहिल्यांदा अर्थातच डिपस्टिक. माझ्या गाडीत ती आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते, गाडी सरळ उभी करून. तेल वरच्या आणि खालच्या खुणेच्या मध्ये, अगदी व्यवस्थित. इथेच बरेच जण फसतात, मीही जवळजवळ फसलेच होते. डिपस्टिक फक्त तळाशी तेल किती आहे ते सांगते, ते वर चढतंय का हे तिला माहीत नसतं. आणि अशा लहान गाड्यांमध्ये तेलाच्या प्रेशरचा लाल दिवाही बहुतेक वेळा नसतो. ह्या इंजिनांत क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतो तो मुख्य दांडा) बॉल-रोलर बेअरिंगवर फिरतो, त्याला मोठ्या गाड्यांच्या इंजिनासारखं जास्त प्रेशर लागत नाही, तेल सतत वाहत राहिलं की पुरतं. त्यामुळे वाहणं थांबलं तर सांगणारं कुणीच नसतं, फक्त आवाज आणि उष्णता.

तेल वर येतंय का बघायची पद्धत सोपी आहे. माझ्या इंजिनात हेडच्या बाजूला तेलाच्या वाटेवर एक बोल्ट आहे. तो दीड-दोन आटे सैल करायचा, खाली फडकं धरायचं, गाडी चालू करून नुसती आयडलवर (रेस न देता) ठेवायची. काही सेकंदांत बोल्टच्या कडेने तेल झिरपायला लागलं पाहिजे. मी इंजिन थंड असताना, मनात आकडे मोजत, ३० पर्यंत थांबले. एक थेंब नाही. लगेच बंद केली. ज्यांच्या गाडीत असा बोल्ट नाही त्यांनी एक्झॉस्टकडची टॅपेटची टोपी काढून आयडलवर आत तेल उडतंय का ते बघावं, चष्मा घालून, तोंड लांब ठेवून. आणि ही तपासणी एकदाच करायची, खात्री करायला म्हणून परत परत इंजिन चालू करायचं नाही.

बुधवार-गुरुवार दोन मेकॅनिकना विचारलं. एकाने आवाजाचं वर्णन ऐकूनच सांगितलं की फुल इंजिन करावं लागेल, गाडी सोडून जा. दुसरे वयस्कर होते, ते म्हणाले, "ताई, आधी साईडचं क्लच कव्हर उघडा, तेल गाळणारी जाळी बघा, मग बोलू." मला दुसऱ्यांचं पटलं. पहिल्याला खोटं ठरवायचं नाहीये, फुल इंजिन निघालंही असतं कदाचित, पण न उघडता ठरवणं मला पचलं नाही. बाबांशी बोलले, ते थोडे काळजीत होते, पण शेवटी म्हणाले उघड, मी हात द्यायला आहे.

शनिवारी तेल काढलं. इंजिन चालू करून गरम करायचं नसल्यामुळे थंडच काढावं लागलं, त्याला वेळ लागतो, गाडी मधल्या स्टँडवर अर्धा तास तशीच ठेवली. तेल थेट डब्यात न सोडता पांढऱ्या सुती कपड्यातून गाळलं, हे नक्की करा, खरं निदान त्या कपड्यावर असतं. माझ्या कपड्यावर तीन गोष्टी मिळाल्या. एक, चांदीसारखी बारीक चमचम, तिला लोहचुंबक लावला तर चिकटली नाही, म्हणजे ॲल्युमिनियम. दोन, चुंबकाला चिकटणारे अगदी थोडे काळे कण, ते क्लच-गिअरचे थोडेफार असतातच. आणि तीन, राखाडी रबरासारखे तुकडे, शेवयांसारखे लांबट. हे काय ते पहिल्यांदा कळलंच नाही. बोटांत दाबलं तर ताणले जायचे. बाबांनी हातात घेऊन बघितलं आणि म्हणाले, "हे तर सिलिकॉन आहे, पॅकिंगला लावतात ते."

दोन वर्षांपूर्वी क्लच प्लेटा बदलल्या होत्या तेव्हा कव्हर उघडलं गेलं होतं. नवीन पॅकिंग बसवायच्या ऐवजी, किंवा पॅकिंगवर वरून, सिलिकॉनचा जाड थर लावला होता. कव्हर आवळलं की जादा सिलिकॉन बाहेरही येतं आणि तेवढंच आतही जातं. बाहेरचं पुसता येतं. आतलं वाळतं, तेलात सैल होतं, तुटतं, आणि तेलाबरोबर खाली जाळीपाशी जातं.

कव्हर उघडणं. किक काढली, फूटरेस्ट काढला, क्लचची वायर सोडवली. बोल्ट काढायच्या आधी एका पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढला आणि प्रत्येक बोल्टच्या जागी भोक पाडून बोल्ट त्यातच खोचला, कारण त्यांची लांबी वेगवेगळी असते आणि लांब बोल्ट आखूड जागी गेला तर आटे जातात किंवा केसिंग फुटतं. दोन स्क्रूंची डोकी आधीच खराब होती, साध्या पेचकसने निघेनात, इम्पॅक्ट ड्रायव्हर उसना आणून हातोडीने ठोकून काढले. कव्हर चिकटलेलं होतं, त्याला फटीत पेचकस घालून उचकटू नका, त्या कडेला ओरखडा पडला की कायमची गळती. रबरी हातोडीने कडेकडेने ठोकत राहिले, दहा मिनिटांनी सुटलं.

आणि जाळी. पंपाच्या खाली एका खाचेत पितळी जाळी सरकवून बसवलेली असते, चिमट्याने ओढून काढली. हाताच्या दोन बोटांएवढी. तिच्यावर सिलिकॉनच्या पट्ट्या अशा लिंपल्या गेल्या होत्या की पाऊण भाग बंद. उजेडात धरली तर फक्त एका कोपऱ्यातून प्रकाश येत होता, आणि त्याच कोपऱ्यात कडेची जाळी फ्रेमपासून सुटून फट पडली होती. तेव्हा सगळी गोष्ट एकदम समजली. पंप जोराने ओढत होता, जाळीतून येत नव्हतं, शेवटी कडेने फट पाडून तेल येऊ लागलं, आणि त्या फटीतून जाळीने अडवायला हवा होता तो सगळा कचरा थेट पंपात.

मी ती जाळी कितीतरी वेळ हातात धरून बसले होते. वाईट वाटलं. एवढीशी वस्तू, धुवायला दोन मिनिटं, पण तिच्यापर्यंत पोचायला कव्हर उघडावं लागतं म्हणून वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. काही गाड्यांमध्ये जाळी खालून, एका मोठ्या बोल्टमागे स्प्रिंगसकट असते, त्यांचं नशीब चांगलं, दर तेलबदलीला काढून धुता येते, धुवाच.

क्रँकच्या टोकाला स्पिनर असतो, गोल डबी, ती फिरते तेव्हा तेलातली घाण बाहेरच्या भिंतीला फेकली जाऊन तिथेच जमते. झाकण उघडलं तर आत काळ्या लोण्यासारखा थर, नखाने खरवडला तर नखभर निघाला. तो रॉकेलने साफ केला. स्पिनर गच्च भरला की घाण क्रँकच्या आत, कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगकडे जाते, म्हणून कव्हर उघडलंच आहे तर हा सोडू नका. त्याच्या मागचं चार खाचांचं नट उघडायला वेगळी गोटी (सॉकेट) लागते, छिन्नी-हातोडी लावू नका.

रविवारी पंप काढला. आधी त्याचं गिअर तपासलं, दाते पूर्ण, दांड्यावरची बारीक पिन शाबूत. हे आधी बघायचं, कारण पिन तुटली किंवा दाते गेले की पंप फिरतच नाही आणि मग जाळी-बिळी सगळं चांगलं असूनही तेल येत नाही. माझा फिरत होता. मग तीन स्क्रू काढून पंप उघडला. आत दोन रोटर असतात, आतला चार पाकळ्यांचा, बाहेरचा पाच खाचांचा, आतला फिरला की बाहेरच्यालाही फिरवतो आणि दोघांमधली जागा एकीकडे मोठी होत तेल ओढते, दुसरीकडे लहान होत ढकलते. सगळा खेळ दोघांमधल्या फटीचा. फट वाढली की तेल पुढे जायच्या ऐवजी आतल्या आतच मागे फिरतं.

फिलर गेज परत बाहेर काढलं. दोन्ही रोटरच्या टोकांमधली फट मॅन्युअलमध्ये जास्तीत जास्त ०.२० मिमी, माझी ०.२७. बाहेरचा रोटर आणि पंपाची बॉडी यांच्यातली फटही मर्यादेच्या पलीकडे. बॉडीच्या आतल्या भिंतीवर गोल गोल ओरखडे होते, नख अडकेल इतके खोल. कपड्यावरची चांदी कुठून आली ते कळलं. आणि पंप जिथे केसिंगला बसतो तिथली ओ-रिंग चपटी, कडक, प्लास्टिकसारखी झालेली, म्हणजे तिथूनही हवा ओढली जात असणार. पंपाने एकदा हवा ओढायला सुरुवात केली की तेल वर चढत नाही, स्ट्रॉला भोक असलं की होतं तसंच.

मला इथे सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे, की पंप स्वतःहून मेला नव्हता. जर मी नुसता नवीन पंप आणून बसवला असता आणि कव्हरच्या कडेला चिकटलेलं उरलेलं सिलिकॉन तसंच ठेवलं असतं, तर वर्ष-दोन वर्षांत हीच जाळी परत भरली असती. कव्हरच्या आतल्या कडेवर अजून लटकणारे तुकडे होते, ते मी एकेक करून चिमट्याने काढले, अख्खी दुपार गेली त्यात.

आता वर काय झालंय ते बघायला हवं होतं. हेड सगळ्यात लांब, तेल शेवटी तिथे पोचतं आणि कमी पडलं की पहिल्यांदा तिथेच उपाशी राहतं. टायमिंग चेनचा ताण सोडवून, खुणांचे फोटो काढून, कॅम बाहेर घेतला. कॅमच्या एका उंचवट्यावर बारीक खड्डे पडले होते, वाळूच्या कागदावर घासल्यासारखे, आणि त्याच्यावर चालणाऱ्या रॉकरच्या तोंडाचं पॉलिश गेलं होतं. दोन्ही रॉकर आणि कॅम एकत्रच बदलायचे ठरवले, कारण नवीन कॅमवर खराब रॉकर घासला की नवीनही लवकर खराब होतो. प्लगच्या भोकातून फोनला लावायचा छोटा कॅमेरा आत सोडून सिलिंडरची भिंत बघितली, उभे ओरखडे नाहीत. मग लाकडी काडी पिस्टनवर टेकवून, पिस्टन मध्यावर असताना, मॅग्नेट हाताने किंचित पुढे-मागे हलवलं, काडी लगेच हलते की मध्ये मोकळं अंतर जातं ते बघायला. लगेच हलत होती, टक् असा धक्का नाही. म्हणजे कनेक्टिंगचं बेअरिंग निदान आत्तातरी ठीक. हे ऐकून बाबांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला.

सोमवारी पार्ट मागवले, आणि इथे कागदपत्रांचा भाग सुरू झाला जो मला मेकॅनिकच्या कामापेक्षा जास्त त्रासाचा वाटला. जुन्या मॉडेलसाठी नुसतं नाव आणि वर्ष सांगून चालत नाही. पार्ट नंबर लागतो, आणि तो नंबर मधल्या काळात बदललेला असतो, जुन्याच्या जागी नवीन नंबर येतो. मी मॉडेलचं वर्ष दिलं आणि पंप, ओ-रिंग, जाळी, पॅकिंग, कॅम, रॉकर अशी ऑर्डर टाकली. सातव्या दिवशी आलं. पंप चुकीचा. दिसायला अगदी तसाच, पण दांडा जुन्यापेक्षा आखूड, गिअर बसूनही दात अर्धेच जुळत होते. त्याच वर्षात मधेच इंजिन बदललं होतं आणि कुठला पंप लागेल ते इंजिन नंबरवरून ठरत होतं.

परत करायला बिल, न फाडलेलं पाकीट आणि कारणाचा फॉर्म मागितला. पाकीट मी फाडलेलं होतं. दोन फोन आणि तीन मेलनंतर, जुना आणि नवीन पंप शेजारी शेजारी मोजपट्टीसकट फोटो काढून पाठवल्यावर, घेतला परत, पण पाठवायचा खर्च माझा. म्हणून सांगते, ऑर्डर टाकतानाच इंजिन नंबर आणि चासी नंबर दोन्ही लिहून द्या, पार्ट आल्यावर पाकिटाच्या वरूनच जुन्याशी ताडून बघा, आणि बसेल याची खात्री होईपर्यंत फाडू नका. बरोबर पंप यायला अजून नऊ दिवस गेले. ह्या दिवसांत गाडी उघडीच होती, सगळी तोंडं स्वच्छ कपड्याने बंद करून वर चादर टाकून ठेवली होती, रोज जाताना-येताना बघायचे आणि वाटायचं की आपल्याला हे परत जोडता येणार आहे का.

खर्चाचं सांगायचं तर पंप, ओ-रिंग, जाळी आणि पॅकिंग मिळून जे झालं त्याच्या तिपटीहून जास्त कॅम आणि रॉकरला गेलं. म्हणजे त्या पहिल्या शनिवारी कोरडं हेड बघून थांबले असते तर बिल पाव भागावर आलं असतं. तेल मात्र दोनदा लागणार हे धरूनच चाला.

वाट बघण्याच्या दिवसांत तेलाच्या वाटा साफ केल्या. केसिंगमधून सिलिंडरच्या एका स्टडच्या कडेने तेल वर जातं, ती वाट कार्ब क्लीनरने फवारली आणि कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकली, वर हेडच्या भोकावर अंगठा ठेवून हवा लागते का बघितलं. पहिल्यांदा हलकीशी लागली, तिसऱ्यांदा जोरात, आणि त्याबरोबर एक राखाडी कण उडून बाहेर आला. तो कण मी ठेवून दिलाय. पॅकिंगच्या कडा साफ करताना लोखंडी पातं नाही, प्लास्टिकचं वापरलं आणि इंजिनाच्या आत फडकं कोंबून ठेवलं म्हणजे खरवड आत पडत नाही.

पंप बुधवारी आला, जोडणी शनिवारी, बरोबर सव्विसाव्या दिवशी. नवीन पंप कोरडा बसवायचा नाही. मी तो तेलात बुडवून दांडा बोटाने फिरवत राहिले, आधी बुडबुडे येतात, मग बंद होतात, मग बोटाला एक जडपणा जाणवायला लागतो आणि दुसऱ्या भोकातून तेल गुळगुळीत बाहेर येतं. तो जडपणा आला की पंप भरला. कॅमच्या उंचवट्यांना आणि रॉकरलाही तेल चोळूनच बसवलं. चेनच्या खुणा जुळवल्या, हाताने इंजिन दोन पूर्ण फेरे फिरवून परत खुणा तपासल्या, टॅपेटची गॅप लावली. कव्हरला कोरडं नवीन पॅकिंग, सिलिकॉन अजिबात नाही. दोन्ही डॉवेल पिना (कव्हर नेमकं बसवणाऱ्या) जागेवर आहेत ना ते बघून, पुठ्ठ्यावरचे बोल्ट एकेक करून समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत आवळले, टॉर्क रेंचला १० न्यूटन-मीटरवर ठेवून. बाबा पुठ्ठा धरून उभे होते आणि प्रत्येक बोल्टला "हा कुठला?" विचारत होते.

तेलाबद्दल दोन गोष्टी. ज्या गाडीत क्लच तेलातच फिरतो तिला डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं मोटरसायकलचंच तेल घाला, कारचं तेल घातलं तर त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या पदार्थांनी क्लच घसरू शकतो. आणि मॅन्युअलमध्ये तेलाचे दोन आकडे असतात, नुसतं बदलताना किती आणि इंजिन उघडल्यावर किती, दुसरा जास्त असतो. मी तो जास्तीचा घातला.

मग लगेच चालू नाही केली. प्लग काढला, किल स्विच बंद, हेडचा तो बोल्ट सैल केला आणि नुसती किक मारत राहिले. प्लग नसल्यामुळे किक हलकी लागते. दहा झाल्या, काही नाही. वीस, काही नाही. तीसला थांबले, हात घामाने निसरडे झाले होते, मनात सगळे घोळ आले, ओ-रिंग कापली का, जाळी उलटी बसली का, पंप भरला होता ना. बाबा म्हणाले, "अगं रिकामी वाट आहे, भरायला वेळ लागतो, मार अजून." एक्केचाळीसाव्या किकला बोल्टच्या कडेला एक बुडबुडा आला, फुटला, परत आला. पुढच्या दोन किकांत सोनेरी, नवीन तेलाची एक रेघ हेडवरून पंखांच्या मधे उतरली. मी ती पुसलीच नाही बराच वेळ.

बोल्ट आवळला, प्लग लावला, चालू केली. पंधरा सेकंद आयडल, बंद. टॅपेटची टोपी उघडून बघितली, आत सगळं ओलं, चकचकीत. परत चालू करून पाच मिनिटं. टिकटिक नाही, नेहमीची हलकी कुजबुज. बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिक बघितली तर पातळी थोडी उतरली होती, वाटा भरल्या ना, तेवढं तेल वरून घातलं. कव्हरच्या कडेने बोट फिरवलं, कोरडं.

पहिले ५० किलोमीटर हळू, जास्त रेस न देता, मग तेल काढून त्याच पांढऱ्या कपड्यातून गाळलं. दोन-तीन चकाकणारे कण, रबर एकही नाही. ते फेकून नवीन तेल भरलं (जुनं तेल गटारात किंवा मातीत ओतू नका, डब्यात साठवून जुनं तेल गोळा करणाऱ्यांना द्या). आता ४०० किलोमीटर झालेत. बाबा परवा स्वतः घेऊन गेले, आल्यावर हेल्मेट काढायच्या आधीच हेडजवळ कान लावून उभे राहिले आणि मग मान हलवली. पुढच्या रविवारी नवीन रॉकरची गॅप परत मोजायची आहे, नवीन पार्ट बसताना थोडी बदलते म्हणून, आणि त्याआधी टोपीच्या आत बोट फिरवून बघायचं आहे.